सतरा सोड

"काका, सतरा सोडू?"

फोनच्या पलीकडे बँजो पार्टी लागली होती. हिराजीकाकांच्या पुतणीची करंजाला हळद होती, आणि हळदीच्या मांडवातल्या माणसाला फोनवर काही विचारणं म्हणजे पिठाच्या गिरणीत उभं राहून गुपित सांगण्यातला प्रकार.

"काय गो बाय? जरा जोरान् बोल!"

"सतरा नंबर! सतरा सोडू का?"

"हा, सोर, सोर! बाकीचा भर नि गारी काढ!"

फोन बंद झाला. सकाळचे साडेदहा वाजले होते. कोल्ड स्टोरेजच्या धक्क्याला दोन गाड्या मागची दारं उघडून लागल्या होत्या, एक डोंबिवलीची आणि एक पुण्याची. महाशिवरात्र दोन दिवसांवर होती. उपासाला फळ लागतं, त्यामुळे दुकानदारांचे सकाळपासून तगादे चालू होते. मुकादम हातातली यादी घेऊन माझ्या तोंडाकडे बघत होता.

"काय म्हणाले काका?"

"सतरा सोड म्हणाले. बाकीचाही भर म्हणाले."

त्यानं मान हलवली आणि सतरा नंबरच्या खोलीचा जाड दरवाजा ओढला. पाऊण तासात तीनशे वीस बॉक्स गाड्यांत चढले. मी चलनांवर सह्या केल्या.

झालं ते एवढंच. याला आता नऊ वर्षं झाली. त्या दिवशी मी एक शब्दही खोटा बोलले नाही, असं मी त्यातली आठ वर्षं स्वतःला बजावत आले.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. कऱ्हाडला मायक्रोबायॉलॉजी शिकून नव्या मुंबईत आलेली, नेरुळला तीन मुलींच्या खोलीत राहणारी, आणि उरण रस्त्यावरच्या एका फळं आयात करणाऱ्या कंपनीत 'क्वालिटी ऑफिसर' असं लांबलचक नाव लावणारी. काम असं, की बंदरातून कंटेनर सुटून आमच्या कोल्ड स्टोरेजला आला की त्यातली फळं तपासायची. सफरचंद, किवी, पेअर, संत्री. सरकारी नमुना बंदरावर घेतलेला असायचा, त्याचा कागद आलेला असायचा. पण आमचे ललितशेठ जुन्या मुरलेल्या घरातले. सरकारचा कागद सरकारपाशी, आपलं घरचं बघणं आपल्यापाशी, असा त्यांचा नियम. मी फॉर्म भरायचा, आणि हिराजीकाकांनी माल बाहेर पाठवायचा की नाही ते ठरवायचं.

हिराजी तांडेल. कोल्ड स्टोरेजचे सुपरवायझर. शिक्षण सातवी. घर करंजाला, बापजाद्यांचा धंदा मासेमारीचा. हे एकटेच होडी सोडून बर्फाच्या कारखान्यात गेले आणि तिथून फळांत आले. त्यांचं नाक म्हणजे आमची खरी प्रयोगशाळा होती. खोलीचं दार उघडलं की चार पावलं आत जायचे, थांबायचे, आणि सांगायचे, "ह्यान् तिसऱ्या थप्पीत एक बॉक्स गेलाय." तो गेलेला असायचा. बोलायचे भरपूर आणि मोठ्यानं, समुद्रावर बोलायची सवय असलेल्या माणसासारखं. 'ड'चा 'र' आणि 'ळ'चा 'ल' करून ते सगळ्यांना दमात घ्यायचे, शेठनाही. मला त्यांनी पहिल्याच दिवशी "बाय" करून टाकलं. घरून येताना माझ्यासाठी तांदळाच्या भाकरीत गुंडाळलेला सुका जवळा आणायचे. "खोलीतल्या पोरी नुसतं मॅगी खातान्, मना म्हाईत हाय," असं वर म्हणायचे.

आमच्याकडे माल तोंडी शब्दावर हलायचा. कागद नंतर व्हायचा. आणि त्या तोंडी शब्दांतला सगळ्यात मोठा शब्द 'सोडणे' हा होता. माल सोडला, म्हणजे बाहेर पाठवला. गाडी सोडली, कंटेनर सोडला, लॉट सोडला. दिवसातून पन्नासदा तो शब्द कानावर पडायचा. पण माणसं शेवटी घरचीच भाषा बोलतात. 'तो आंबा सोड, हा घे' असं म्हटलं की सोड म्हणजे राहू दे. आमच्या गोदामात दोन्ही सोड नांदत होते, आणि कुठला कुठला हे बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघून कळायचं. फोनवर तोंड दिसत नाही.

सतरा नंबरात लोंगन होतं. लोंगन म्हणजे लिचीची लहान बहीण. साल पिवळट तपकिरी, आत पांढरा गोड गर. थायलंडहून येतं. साल काळी पडू नये आणि बुरशी येऊ नये म्हणून तिकडे त्याला गंधकाची धुरी देतात. बेतानं दिली तर काही बिघडत नाही. बेताबाहेर गेली की गंधक सालीतून गरात उतरतं, आणि दम्याच्या माणसाला ते बाधतं. शिवाय लोंगन खाताना लोक साल दातांनीच फोडतात. हे मला पुस्तकातून माहीत होतं, काकांना नाकातून.

हळदीच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी मला सतरात बोलावून घेतलं होतं. आम्ही दोघंच होतो. ते पार मागच्या ओळीपर्यंत गेले आणि डोळे चोळत परत आले.

"बाय, तू ह्यो बघितलास?"

"हो काका. फॉर्म भरलाय ना. दहा बॉक्स. गंधकाची पट्टी लावून बघितलंय, सगळे मर्यादेत आहेत."

"मंग माज्या डोल्यांत पानी कसा आला?"

"थंडीनं असेल."

"पस्तीस वर्सं थंडीनं नाय आला तो आज यल?" त्यांनी एक फळ सोलून हुंगलं आणि बाजूला ठेवलं. "मना ह्यो माल नीट वाटत नाय. उद्या हलद हाय, मी सुटीवर हाय. मी इचार करताव नि तुना उद्या फोनवर सांगताव. तवर हात नको लावू."

"परत तपासायचा का?"

"तपासायचा तर सगलाच काढून तपासू. दारापासून मागपर्यंत. एकेक वल."

एकेक ओळ. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. ते का, हे मी पुढे सांगणार आहे. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही, तर अजून चार पानं थांबायला हरकत नसावी.

महाशिवरात्रीनंतर दुसऱ्या दिवशी डोंबिवलीच्या दुकानदाराचा फोन आला. त्याच्याकडून लोंगन नेलेल्या एक बाई दवाखान्यात होत्या. शाळेत शिकवायच्या, वय बेचाळीस, दमा लहानपणापासूनचा. दिवसभर उपास, आणि संध्याकाळी कौतुकानं हे नवं फळ अर्धा किलो खाल्लं. रात्री अतिदक्षता विभागात. आणखी सातआठ जणांचे घसे धरले होते, एकाच्या तोंडात फोड आले होते, पण बाईंचं गंभीर होतं. सहा दिवस त्या नळ्या लावून पडल्या होत्या. त्या वाचल्या. त्या वाचल्या हे मी इथेच सांगून टाकते, कारण ते सहा दिवस मी जसे काढले तसे तुम्ही काढावेत असं मला वाटत नाही. नेरुळच्या खोलीत मी आंघोळीला जाऊन नळ चालू करून रडायचे. देवाला नवस बोलले. माझ्यासाठी बोलले की त्यांच्यासाठी, हे नक्की सांगता येणार नाही.

अन्न खात्याची माणसं येऊन सतरातले उरलेले आणि दुकानांतून परत आलेले बॉक्स घेऊन गेली; प्रत्येकावर ओळीचा आकडा होता. रिपोर्ट आला. मागच्या ओळींतल्या मालात गंधक मर्यादेच्या चौपट. दारालगतच्या ओळीत मात्र सगळं ठीक. त्यांनी नोटीस दिली. नोटिशीला उत्तर द्यायचं तर चूक कुणाची हे लिहावं लागणार होतं. चूक कंपनीची आहे असं कुठलीच कंपनी लिहीत नाही.

ललितशेठनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. माझी नोकरी कायम होण्याची तारीख पुढच्या सोमवारी होती. काकांना निवृत्त व्हायला सात महिने उरले होते. शेठ त्यांना सगळ्यांसमोर चांदीचं ताट आणि शाल देणार, आख्ख्या बाजाराला जेवण घालणार, हे दोन वर्षांपासून ठरलेलं होतं. काकांच्या घरी तर त्या शालीवरून चेष्टाही चालायची.

"काका, माल का सोडला?" शेठ म्हणाले. त्यांचं मराठी चांगलं होतं, फक्त चाल गुजराती.

"मी नाय सोरला!" काकांचा आवाज बाहेर धक्क्यापर्यंत गेला असेल. "मी हिला बोललो, सतरा सोर. सोर म्हंजे ऱ्हाऊ दे! बाकीचा भर!"

शेठ माझ्याकडे वळले. "तुला काय म्हणाले?"

"सतरा सोड म्हणाले," मी म्हणाले. "आणि बाकीचा भर."

"मग तू काय समजलीस?"

"आपल्याकडे माल सोडणे म्हणजे..." मी थांबले. पुढचं शेठनीच पुरं केलं.

"पाठवणे. बरोबर आहे. रोज तेच म्हणतो आपण."

"पन आदल्या दिशी मी हिला त्या खोलीन् नेला व्हता. डोल्यांत पानी आला मना. इचार हिला!"

"हो, नेलं होतं," मी म्हणाले. "उद्या विचार करून फोनवर सांगतो म्हणाले. मग फोनवर सोड म्हणाले. विचार करूनच सांगणार होते ते. फॉर्मवरही दहाच्या दहा बॉक्स मर्यादेत आहेत."

यातला एकेक शब्द खरा होता. तुम्ही मागे जाऊन ताडून बघा.

काका माझ्याकडे बघत राहिले. त्या बघण्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं. ते आठवत होते. त्या सकाळचं बोलणं मनात परत वाजवून बघत होते, आणि त्यांना तेच ऐकू येत होतं जे मी सांगितलं. सोर, सोर, बाकीचा भर. ते तसंच बोलले होते.

शेठ थोडं हसले. मनानं वाईट माणूस नव्हता तो, पण त्याला एक नाव हवं होतं आणि ते आयतं समोर चालत आलं होतं. "काका, मी किती वेळा सांगितलं. तुमची ती भाषा! सोर काय, गारी काय. नव्या पोरांना कसं कळणार? धंदा आता मोठा झाला. आता असं बोलून चालत नाही."

काकांचा चेहरा एकदम उतरला. पस्तीस वर्षं त्यांच्या तोंडाला कुणी हसलं नव्हतं. ज्यांना ते दमात घेत आले, त्यांतलेच एक आज त्यांच्या बोलण्याला हसले होते.

"आसल," ते हळू म्हणाले. "माज्याच तोंडाचा दोष आसल. बाई वाचल ना ती?"

"वाचेल, वाचेल."

"पोरीचं काय नाय ह्यात," ते शेठना म्हणाले. "ती नवी हाय. तिला कागदान् नका घेऊ."

असं वड्याचं तेल वांग्यावर निघालं. नोटिशीच्या उत्तरात लिहिलं गेलं, 'सुपरवायझरच्या संदिग्ध तोंडी सूचनेमुळे'. काकांनी राजीनामा दिला. शाल नाही, जेवण नाही. ते डबा घेऊन नेहमीच्या बसनं गेले. जाताना माझ्या टेबलापाशी थांबले आणि म्हणाले, "बाय, मनाला नको लावून घेऊ." सोमवारी मी कायम झाले. कऱ्हाडला वडिलांनी पेढे वाटले.

पुढे मी चांगली वर चढले, हेही सांगायला हवं. त्या प्रकरणानंतर शेठनी विचारलं, असं परत होऊ नये म्हणून काय करायचं? मी एक पद्धत बसवून दिली. तोंडी हुकूम बंद. प्रत्येक खोलीच्या दारावर पाटी. लाल पाटीवर 'ठेवा', हिरव्या पाटीवर 'पाठवा'. 'सोडा' हा शब्द गोदामात बंद. ती इतकी साधी होती की तिचं सगळ्यांनी कौतुक केलं. दुसऱ्या कंपन्यांनी मला बोलावलं, मग तिसऱ्यांनी. चार वर्षांत मी नोकरी सोडून प्रशिक्षण द्यायला लागले. बंदरापासून नाशिकपर्यंत कोल्ड स्टोरेजच्या लोकांपुढे उभी राहून मी अन्नसुरक्षा शिकवते. आणि त्या प्रशिक्षणाची सुरुवात मी एका किश्श्यानं करायचे.

किस्सा काकांचा. मी तो रंगवून सांगायचे. हळदीचा बँजो, "काय गो बाय", "सोर, सोर, गारी काढ". आवाजही काढायचे त्यांचा. लोक खुर्चीतून पडेस्तोवर हसायचे. मग मी गंभीर होऊन म्हणायचे, "एका शब्दामुळे एक बाई सहा दिवस मृत्यूशी झुंजली." शांतता पसरायची. मग पुढची स्लाइड.

दीडेक वर्षापूर्वी पनवेलला अशाच एका सत्रानंतर एक माणूस मागे थांबला. तिशीतला, कुठल्यातरी कोल्ड स्टोरेजचा शिफ्ट इन्चार्ज. सगळे हसले तेव्हा हा हसला नव्हता, हे माझ्या लक्षात आलं होतं.

"मॅडम, ते माझे मामा," तो म्हणाला.

मी लॅपटॉपची वायर गुंडाळायला लागले.

"तुम्ही नाव घेतलं नाही, पण करंजाला सगळ्यांना माहीत आहे. तुमच्यावर राग नाही. मामा तर तुमचं चांगलंच सांगतात. फक्त..." तो शब्द शोधत राहिला. "ते आता बोलत नाहीत फारसे. तुम्ही त्यांचा आवाज काढलात ना, तो मी खूप वर्षांनी ऐकला."

त्यानंतर मी तो किस्सा सांगणं बंद केलं. पण करंजाला जायला मला आणखी सात महिने लागले. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. माझ्या मनात तर भर दुपारचं ऊन होतं, आणि मी सावलीसावलीनं चालत होते.

मार्गशीर्षातला एक रविवार. दुपारी तीनच्या सुमारास मी पोहोचले. घर शोधायला त्रास पडला नाही. काका ओटीवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. वाळले होते, केस पार पांढरे. मला बघून उठले. मी वाट बघत होते की आता "काय गो बाय" ऐकू येईल.

"या. बसा," ते म्हणाले. "उन्हातून आलात. पाणी देतो."

पाणी. 'ण' नीट टाळूला लावून. आणि मला 'या, बसा'.

"काका, मला अहोजाहो काय करता?"

"सवय झाली." ते एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखे बोलत होते. "नात शाळेत आहे. ती मोठ्यानं वाचते. तिच्या मागून मीही वाचतो. घोडा. गाडी. सोडा." ते जरा हसले. "म्हातारपणी शिकतो आहे. आधी शिकलो असतो तर बरं झालं असतं. त्या बाई बऱ्या आहेत ना? डोंबिवलीच्या?"

"बऱ्या आहेत काका."

"मी घरी काही सांगितलं तर परत म्हणायला लावतो. काय कळलं ते सांग, म्हणतो. सुनेला कंटाळा येतो. पण बरं असतं ते. आपल्याला वाटतं आपण बोललो. समोरच्याला काय ऐकू गेलं, कोण जाणे."

आत स्वयंपाकघराच्या दारात मथुराकाकू, त्यांची बायको, विळीवर बसून कोलंबी सोलत होत्या. त्या वर बघत नव्हत्या, पण हात थांबले होते.

मग मी सांगितलं. बसून, चहा पिऊन, व्यवस्थित वगैरे नाही. तोंडातून निघालंच ते.

"काका, तुमच्या बोलण्यात काही चूक नव्हती. मला तेव्हाच कळलं होतं."

"काय?"

"सोड म्हणजे राहू दे. तुम्हाला तेच म्हणायचं होतं, मला कळलं होतं. तुम्ही तो माल ठेवणार, हे आदल्या दिवशीच कळलं होतं. मी फॉर्मवर दहा बॉक्स लिहिले होते, पण मी फक्त तीन उघडले होते. तिन्ही दारातले. मागे गेलेच नव्हते, बाकीचे सात आकडे मनानं भरले. तुम्ही म्हणालात एकेक ओळ तपासू. तपासलं असतं तर माझा फॉर्म खोटा निघाला असता, आणि पुढच्या आठवड्यात मी कायम होणार होते. नाहीतर परत कऱ्हाडला जाऊन माझ्या मामांनी आणलेल्या स्थळांपुढे पोह्यांचा ट्रे धरायचा. म्हणून रात्रभर मी प्रश्न तयार केला."

"कुठला प्रश्न?"

"सतरा सोडू का. मी 'सतराचं काय करू' असं विचारलं नाही. 'सतरा भरू का' असंही नाही. भरू का विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात. सोडू का विचारलं की तुम्ही हो म्हणणार, हे मला माहीत होतं. पाठवायचा असेल तरी हो, ठेवायचा असेल तरी हो. आणि मांडवात बँजो सुरू होईपर्यंत मी थांबले. नऊलाच करायचा होता तो फोन. गाड्या निघायच्या आधी मी सतराच्या मागच्या ओळीपर्यंत जाऊन आले, माझेही डोळे चुरचुरले. तरी सही केली."

काका माझ्याकडे बघत होते, त्या दिवशी शेठच्या केबिनमध्ये बघत होते तसंच. आता ओरडतील, असं वाटलं. ओरडावं असं वाटत होतं. हाकलून द्यावं, थोबाडीत द्यावी, काहीही.

ते हसले. खरंखुरं, पोटातून.

"बाय माजे," ते म्हणाले, आणि तो जुना आवाज एकदाच बाहेर आला. "येवरा डोका कोन चालवतं गो सकालच्या घाईन्? तू? सत्तावीस वर्साची पोर?"

"खरंच काका. देवाशपथ."

"शपथ नको घेऊ. मना कललं तू कशाला आलीस. कुनी तरी सांगितला आसल म्हातारा गप झालाय म्हनून." त्यांनी डोळे पुसले. मग पुन्हा खुर्चीत ताठ बसले आणि सावकाश, नीट, शाळेतल्या धड्यासारखे म्हणाले, "माणसाचं मन राखण्यासाठी खोटं बोलू नये. तुम्ही आलात, पुष्कळ झालं. माझी चूक होती. ती मी मान्य केलेली आहे."

"काका, तुम्ही ऐका तरी..."

"चहा घेणार ना?"

मी काय करायला हवं होतं, ते मला तेव्हाही कळत होतं. तो फॉर्म माझ्या पर्समध्ये होता. त्याची झेरॉक्स मी आठ वर्षं जपून ठेवली होती, का ते विचारू नका. ती काढून त्यांच्या मांडीवर ठेवायची, बोटानं सात आकडे दाखवायचे. त्यांना वाचता येत होतं, आता तर चांगलंच. पण ते माझ्याकडे इतक्या मायेनं बघत होते की माझा हात पर्सपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. मी सांगितलं ना, त्यांनाच पटत नाही तर मी काय करणार, असं माझ्या मनात आलं. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. त्या हलकेपणाची मला आज किळस येते.

मी चहा घेतला. नातीचं नाव विचारलं. निघताना पाया पडले. काकांनी डोक्यावर हात ठेवला.

फाटकापर्यंत मथुराकाकू सोबत आल्या. हाताला कोलंबीचा वास होता आणि तो हात त्यांनी फाटकाच्या कडीवर ठेवला होता, त्यामुळे मला बाहेर पडता येत नव्हतं.

"त्याला नाय पटला," त्या म्हणाल्या. "मना पटला."

मी पर्सचा पट्टा खांद्यावर नीट केला.

"आठ वर्सं झाली. मानूस सोताच्या बायकोशी पुस्तकातला बोलतंय. भांडन करायचा तरी वाचून दाखवल्यावानी करतंय." त्यांचा आवाज चढला नाही. "मी तुना शिव्या नाय देत. तू आलीस, बोललीस. पन येकदा बोलून तो नाय मानायचा. चल आत. परत सांग. मी बसतंय तुज्या बाजूला. हसला तरी सांगत ऱ्हा. रात झाली तर जेवून जा, झोप हितंच. सकाली परत सांग. त्याला पटस्तोवर सांग."

त्यांनी माझं मनगट धरलं. घट्ट नाही, नुसतं धरलं.

मी घड्याळ बघितलं. "काकू," मी म्हणाले, "माझी साडेचारची एसटी चुकेल."

साडेचारला तिथून एसटी सुटत नाही. हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हे मला दिसत होतं. त्यांनी मनगट सोडलं, कडी काढली आणि मला वाट दिली.